गाळाची साक्ष

तांबणी नदीच्या काठावरच्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वरी नाकाडे सकाळपासून एकाच आकड्याकडे पाहत बसली होती. पडद्यावर तो ठळक लाल अक्षरांत उमटला होता. सत्तेचाळीस टक्के.

पाच वर्षांपूर्वी हाच आकडा एकसष्ट होता. तो वाढत जायला हवा होता. त्यासाठीच तर सगळा खटाटोप चालला होता. अकरा किलोमीटरचा काठ मोकळा केला होता, तीन वस्त्या हलवल्या होत्या, कुंपणं घातली होती, करंज, उंबर आणि वाळुंजाची हजारो रोपं लावली होती. आणि आकडा मात्र दरवर्षी दोन-तीन पायऱ्या खाली उतरत होता.

हा आकडा कसा निघायचा, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. सतरा वर्षांपूर्वी राज्यात तटपुनर्स्थापना कायदा झाला. नद्यांचे काठ पुन्हा जिवंत करायचे, हा त्याचा हेतू. पण जिवंत म्हणजे नेमके कसे? पन्नास वर्षांपूर्वीसारखे की पाचशे? यावर तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत होते. ते भांडण मिटवलं गाळवाचक नावाच्या यंत्राने.

प्रत्येक पूर ओसरताना काठावर गाळाचा पातळ थर सोडून जातो. त्या थरात त्या वर्षीच्या प्रत्येक जिवाचा काही ना काही अंश अडकतो. गळलेलं पान, माशाचा खवला, पाखराची विष्ठा, बेडकाच्या अंगावरचा चिकटा. देह कुजून जातो, पण त्यातल्या डीएनएचे तुकडे चिकणमातीच्या बारीक कणांना घट्ट धरून राहतात. ऊन नाही, हवा नाही, अशा खोल जागी ते शेकडो वर्षं टिकतात. गाळवाचक जमिनीत सहा मीटर लांब नळी घालून मातीचा दंडगोल वर काढायचा आणि थराथरातले तुकडे वाचून सांगायचा, की कोणत्या काळी या काठावर कोण कोण राहत होतं.

मग कायद्याने ठरवलं, की ज्या थरात सर्वांत जास्त प्रकारचे जीव सापडतील, तो त्या नदीचा आदर्श थर. काठ त्या थरासारखा करायचा. तांबणीचा आदर्श थर तीनशे वर्षांपूर्वीचा निघाला. त्यात दोनशे तेरा प्रजाती होत्या. त्यांपैकी आज किती हजर आहेत, त्याची टक्केवारी म्हणजे तो लाल आकडा.

"नदीसुरयची घरटी यंदा किती?" मागून आवाज आला.

शर्वरीने वळून पाहिलं. डॉ. सुहास अक्कलवार दारात उभे होते. वय पासष्टीच्या पुढे, अंगात खादीचा सदरा, पायात नदीकाठच्या चिखलाने भरलेले बूट. तटपुनर्स्थापना कायद्याचा मसुदा त्यांनीच लिहिला होता. आता ते नदीतट प्राधिकरणाचे मुख्य सल्लागार होते. शर्वरीने संशोधन त्यांच्याच हाताखाली केलं होतं.

"एकही नाही, सर," ती म्हणाली. "अकरा किलोमीटरमध्ये एकही घरटं नाही. सुरयला अंडी घालायला उघडी रेती लागते. आपल्या काठावर उघडी रेतीच उरली नाही. सगळीकडे बेशरमाची झाडी माजलीय. आपण काढतो त्याच्या दुप्पट वेगाने वाढते. कासवांचंही तेच झालंय."

अक्कलवार खुर्ची ओढून बसले. "मला कारण दिसतंय. खालच्या अंगाला डोंगाटोला ही धीवर मासेमारांची वस्ती अजून आहे. दोन किलोमीटर काठ त्यांच्या ताब्यात. कुत्री, डोंगे-होड्या, खणाखणी. आपण वर कितीही सांभाळलं, तरी खालून उपद्रव चालूच."

"पण सर, उपद्रव आधी जास्त होता. तेव्हा चार वस्त्या होत्या."

"तेव्हा आपली लागवड नव्हती. तुलना बरोबर नाही." त्यांनी चष्मा पुसला. "अठरा तारखेला सुनावणी आहे. डोंगाटोला हलवायचा की नाही, ते त्या दिवशी ठरेल. मला तिथल्या काठाचा ताजा नमुना हवाय. आदर्श थर तिथेही तोच निघाला आणि त्यात माणसाचा मागमूस नसला, की प्रश्न संपला. काठ मूळचा निर्मनुष्य होता, एवढं सिद्ध झालं पाहिजे."

"वरच्या सगळ्या नमुन्यांत माणूस शून्यच आहे," शर्वरी म्हणाली.

"मग इथेही शून्यच येईल. जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी गाळवाचकाची गाडी घेऊन डोंगाटोल्याला पोहोचली. मार्च सुरू झाला होता. नदी एका अंगाला सरकली होती आणि उरलेल्या रेतीत धीवरांच्या डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, पसरल्या होत्या. लांबच लांब चर, चरांत खत घालून लावलेले वेल, वाऱ्याला अडवायला रोवलेले गवताचे ताटवे आणि पानाआड पिकत आलेली डांगरं. वास एवढा गोड, की गाडीतून उतरताच तो नाकात शिरला.

ताटव्याजवळ एक म्हातारी बाई उकिडवी बसून वेलाची टोकं सरळ करत होती. वनिता मारबते. टोल्याची पुढारी म्हणा, म्होरकी म्हणा, सुनावणीच्या कागदांवर पहिली सही तिचीच होती.

"मोजाले आल्या का हाकलाले आल्या?" तिने मान वर न करता विचारलं.

"मोजायला, मावशी," शर्वरी म्हणाली.

"वरच्या तीन टोल्यांतबी पयले मोजालेच आले होते."

शर्वरीने नळी रोवायची जागा शोधायला सुरुवात केली. जुन्या पात्राचा एक कोपरा होता, जिथे गाळ शांतपणे बसत आला होता. तिकडे जायला दोन चरांच्या मधल्या रेतीच्या पट्ट्यावरून चालावं लागणार होतं. तिने पाऊल टाकलं, तोच वनिताबाई ओरडली.

"थांब वं! पायाखाली पाह्य!"

शर्वरीने खाली पाहिलं. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर रेतीत एक उथळ खळगा होता आणि त्यात रेतीच्याच रंगाची तीन ठिपकेदार अंडी. त्याच वेळी डोक्यावरून एक करडं, पिवळ्या चोचीचं पाखरू किंचाळत झेपावलं आणि केसांना चाटून गेलं.

सुरय.

ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिला दुसरा खळगा दिसला, पलीकडे तिसरा. एकदा नजर सरावल्यावर तो पट्टाच्या पट्टा घरट्यांनी भरलेला दिसला. तिने मोजली. एकतीस घरटी निघाली.

"मावशी, ही इथे दरवर्षी असतात?"

"मंग कुठी जातीन? वरतं तर झुडपंच झुडपं." वनिताबाई उठून आली. "आमी दिवाळी झाली का चर खणतो. बेशरम मुळापासून उपटतो, नाई तं ते डांगराले खाते. चर आमचा, मंधातला पट्टा त्याहिचा. त्या पट्ट्यात कोणी पाय देत नाई. कोल्हं आलं, कुत्रं आलं, तं आमी रातभर डांगर राखतोच, तवा अंडेबी राखले जाते. मिरगाच्या आधी आमी उठतो, पाखरं उडते, नदी येते. झालं."

शर्वरीने काठाकाठाने वळसा घेतला, नळी रोवली आणि दोन तासांत सहा मीटरचा दंडगोल वर काढला. वनिताबाई शेजारी बसून पाहत होती. गाडीतल्या पडद्यावर थरांचे प्राथमिक निकाल उमटू लागले.

"हे मशीन तीनशे सालं पयलेचं सांगते म्हणे."

"हो. हा पाहा, हा थर. यात सुरय आहे, तीन जातींची कासवं आहेत, मरळ आहे, पाणमांजर आहे. आणि..." शर्वरी थबकली. "डांगरही आहे."

"आहेच ना मंग!"

"पण ते वरून वाहून आलेलं असू शकतं, मावशी. बी पाण्याबरोबर येतं. आम्ही पिकं वेगळ्या यादीत टाकतो."

"बी वाहून येते, कबूल," वनिताबाई म्हणाली. "तुह्या मशीनीले बी आन् मूळ यातलं वेगळं समजते का?"

समजत होतं. शर्वरीने तो तपशील उघडला. डांगराच्या तुकड्यांत मुळाचे अंश होते, परागकण होते. मूळ वाहून येऊन थरात उभं राहत नाही. तो वेल इथेच वाढला होता, याच रेतीत, तीनशे वर्षांपूर्वी.

"आन् माणूस?" वनिताबाईने विचारलं. "आमी दिसलो का त्याच्यात?"

"नाही, मावशी. माणूस शून्य."

म्हातारी हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती.

"आमी नसू, चाल, कबूल. पण एकबी माणूस नाई? तीनशे सालांत नदीवर पाणी प्यालेबी कोणी आलं नाई? कोणाचा पाय नाई धुतला? तू आता इथी बसली, तुहा घाम पडला रेतीत. तोबी नाई दिसनार का त्याले?"

परतीच्या वाटेवर तो प्रश्न शर्वरीच्या डोक्यातून जाईना. शून्य. ती वीस वर्षं गाळ वाचत होती आणि एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. निसर्ग कधी शून्य देत नाही. अगदी कमी देतो, संशय यावा इतकं पुसट देतो, पण कोरं शून्य देत नाही. नमुना हाताळणाऱ्या माणसाचा एखादा केस, एखादी शिंक, काहीतरी सापडायलाच हवं. राज्यातल्या चाळीस नद्यांच्या हजारो थरांत माणूस कोरा शून्य होता, याचा अर्थ एकच. कोणीतरी तो पुसत होतं.

प्रयोगशाळेत येताच तिने गाळवाचकाच्या मूळ आज्ञावलीची जुनी पानं उघडली. शोधायला फार वेळ लागला नाही. तिसऱ्याच टप्प्यात, वाचन सुरू होण्याआधी, एक छोटी गाळणी बसवलेली होती. नमुन्यात मानवी डीएनए आढळल्यास तो हाताळणीतला दोष समजून वगळावा. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि वर्ष होतं.

श. नाकाडे. २०३८.

ती खुर्चीत मागे टेकली. तिला तो दिवस आठवला. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. प्रयोगशाळेत सगळ्यांच्या हातांचा, श्वासांचा डीएनए नमुन्यांत मिसळायचा आणि निकाल नासायचे. तिने दोन आठवडे खपून ही गाळणी लिहिली, तेव्हा अक्कलवार सरांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली होती. मग यंत्र राज्यभर गेलं, कायदा झाला, सूची झाल्या आणि ती गाळणी आत तशीच राहिली. तिच्याच हातांनी तिने या नदीवरून माणूस पुसला होता. मागून सरकारी गाड्या आल्या आणि तीन टोले उचलून घेऊन गेल्या.

ती उठली, थंड पाण्याने तोंड धुतलं आणि गाळणी काढून टाकून सगळे दंडगोल पुन्हा वाचायला लावले.

दोन दिवसांनी ती निकाल घेऊन अक्कलवारांच्या घरी गेली. ते अंगणात बसले होते. तिने पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं आणि भुवया आक्रसल्या.

"हा आपल्या हातांचा डीएनए आहे, शर्वरी. नमुना घेणाऱ्यांचा. म्हणूनच तर तू ती गाळणी लिहिली होतीस."

"तेव्हा मला ताजा आणि जुना वेगळा करता येत नव्हता, सर. आता येतो." तिने दुसरं पान पुढे केलं. "ताज्या डीएनएचे तुकडे लांब असतात. जुने तुटून तुटून आखूड होतात आणि त्यांची टोकं विशिष्ट तऱ्हेने झिजतात. ही झीज कुणाला बनवता येत नाही, तिला शतकं लागतात. वरच्या थरातले हे तुकडे लांब आहेत, ते आपले. आदर्श थरातले हे आखूड. यांची झीज त्याच थरातल्या कासवाच्या झिजेशी तंतोतंत जुळते. कासव जितकं जुनं, तितकाच हा माणूस जुना."

अक्कलवारांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"आणखी एक पाहा," ती म्हणाली. "सहा मीटरमध्ये एकूण एकशे बारा थर आहेत. मी प्रत्येक थरातला माणूस आणि एकूण प्रजाती शेजारी शेजारी मांडल्या. जिथे माणूस अजिबात नाही, तिथे प्रजाती कमी. जिथे गावच्या गाव वसलंय, तिथेही कमी. मधोमध, जिथे थोडी माणसं आहेत, तिथे सर्वांत जास्त."

"मध्यम उपद्रव," अक्कलवार पुटपुटले. त्यांच्यातला शिक्षक आपोआप जागा झाला. "काठ अगदी शांत ठेवला, तर एक-दोन दांडग्या वनस्पती सगळं व्यापून बसतात. फार ढवळला, तर काहीच तगत नाही. थोडा थोडा, वेगवेगळ्या जागी, दरवर्षी खरवडला, तर प्रत्येकाला जागा मिळते. हे काम पूर करतो, असं आपण धरून चाललो."

"पूर करायचा, सर. पण वर धरण झाल्यापासून काठ खरवडेल इतका मोठा पूर येत नाही. आता काठ खरवडणारं फक्त एकच कोणीतरी उरलं होतं. आपण त्यालाच उचललं."

ते उठून अंगणात येरझाऱ्या घालू लागले. "याचा अर्थ कळतोय तुला? तीन वस्त्या. तीनशे चाळीस माणसं. मी स्वतः जाऊन त्यांना समजावलं होतं, की तुम्ही गेलात की नदी वाचेल."

"मला कळतंय. गाळणी माझी होती."

"कायदा माझा होता." ते थांबले. "आणि कायद्यात माणसासाठी जागा नाही."

"आहे," शर्वरी हळूच म्हणाली. "कलम चार. आदर्श थरात आढळलेला प्रत्येक जीव, कोणताही अपवाद न करता, त्याच्या प्रमाणात काठावर परत आणणं ही प्राधिकरणाची जबाबदारी राहील."

अक्कलवार तिच्याकडे पाहतच राहिले.

"कोणताही अपवाद न करता," त्यांनी स्वतःशी म्हटलं. "ते शब्द मी भांडून घालून घेतले होते. एखाद्या मंत्र्याला एखादा बेडूक गैरसोयीचा वाटला, तर त्याने तो यादीतून काढू नये म्हणून."

"मग?"

"मग काय?" ते खुर्चीत बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीसं हसू उमटलं. "बेडकाला जो न्याय, तो माणसाला."

अठरा तारखेला सुनावणी झाली. डोंगाटोल्याची माणसं मागच्या रांगांत दाटीवाटीने बसली होती. प्राधिकरणाच्या बाजूने बोलायला अक्कलवार उभे राहिले. त्यांनी सूचीची सुधारित प्रत अध्यक्षांपुढे ठेवली. दोनशे तेरा ओळींखाली एक नवी ओळ होती. दोनशे चौदा. मानव.

अध्यक्षबाईंनी ती दोनदा वाचली. "माणूस ही या काठाची मूळ प्रजाती आहे, असं तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं उलटं होतं," अक्कलवार म्हणाले. "सतरा वर्षं मी उलटंच सांगत आलो. हे गाळाचं म्हणणं आहे."

"पण माणूस इतर जिवांना उपद्रव देतो."

"सुसर मासे खाते, बाई. तिला आपण यादीतून काढलेलं नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. डोंगाटोला हलवण्याचा प्रस्ताव त्याच दिवशी फेटाळला गेला. बाहेर आल्यावर वनिताबाई शर्वरीजवळ आली. तिने तिचा हात हातात घेतला, दाबला आणि निघून गेली.

शर्वरीला वाटलं, संपलं. पण कायदा यंत्रासारखा असतो. एकदा त्यात एखादी ओळ घातली, की तो ती शेवटपर्यंत चालवतो. आठवड्याभरात प्राधिकरणाकडून तिला पत्र आलं. प्रजाती क्रमांक दोनशे चौदाचं प्रमाण अद्याप नमूद नाही, ते त्वरित कळवावं. सुरयच्या किती जोड्या हव्यात, कासवांची किती घरटी हवीत, हे जसं प्रत्येक प्रजातीपुढे लिहिलेलं होतं, तसंच माणसाचंही लिहायला हवं होतं.

तिने मोजमाप बसवलं. आज ज्या काठांवर किती माणसं राहतात हे ठाऊक होतं, अशा चौदा जागांचा ताजा गाळ तिने आणला आणि माणसामागे किती अंश उतरतो ते ठरवलं. मग झिजेचा हिशेब धरून आदर्श थराशी ताडून पाहिलं. उत्तर पाहून तिने सगळं गणित पुन्हा केलं. नंतर अक्कलवारांना दुसऱ्या पद्धतीने करायला सांगितलं. त्यांचंही तेच आलं.

किलोमीटरमागे बत्तीस माणसं. तेरा किलोमीटरच्या काठावर चारशे सोळा.

डोंगाटोल्यात एकशे त्रेसष्ट होती.

"म्हणजे अडीचशे माणसं कमी आहेत," शर्वरी म्हणाली.

"दोनशे त्रेपन्न," अक्कलवार म्हणाले. "आणि ती परत आणणं ही प्राधिकरणाची जबाबदारी आहे. अपवाद न करता."

ज्या कायद्याने माणसं उठवली होती, तोच कायदा आता सरकारला त्यांच्या दाराशी पाठवत होता. आणि त्यात एक मोठीच अडचण होती. कासव पेटीत घालून आणता येतं. माणसाला विचारावं लागतं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी तिघंजण पुनर्वसन वसाहतीत गेली. शर्वरी, अक्कलवार आणि वनिताबाई. वसाहत महामार्गाला लागून होती, नदीपासून तीस किलोमीटरवर. एकसारख्या तीन मजली इमारती, मधे सिमेंटचं मैदान. समाजमंदिरात शे-दीडशे माणसं जमली होती. पाच वर्षांपूर्वी अक्कलवारांनी याच लोकांसमोर भाषण केलं होतं.

या वेळी त्यांनी भाषण केलं नाही. ते उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही गेलात तर नदी वाचेल, असं मी सांगितलं होतं. ते चुकीचं होतं. तुम्ही गेलात आणि नदी खचली. नदीला दोनशे त्रेपन्न माणसं कमी पडतायत. मी विचारायला आलोय."

मग एक मध्यमवयीन माणूस उठला. गुलाब नान्हे त्याचं नाव. पूर्वी तो वरच्या टोल्यात डोंगे बांधायचा. आता धानाच्या गिरणीत पोती उचलत होता.

"गेलो तेव्हा तुमी म्हनलं जा," तो म्हणाला. "आता म्हनता या. उद्या मशीनीनं आनखी काही सांगतलं तं?"

"तर तुम्ही हलायचं नाही," शर्वरी उठली. "आता तुम्ही सूचीत आहात. सूचीतल्या जिवाला काठावरून हलवणं गुन्हा आहे. हे मी लिहून देते."

"अन् ज्याले येयाचं नाई त्याचं? माही पोरगी इथल्या दवाखान्यात नर्स हाये. ते नाई येनार."

"तिने येऊ नये. जबरदस्ती कोणावरच नाही. कायदा प्राधिकरणाला बांधतो, तुम्हाला नाही."

हे शब्द सभेत हळूहळू मुरले. बायका आपसांत बोलू लागल्या. कोणी डोंग्याचं विचारलं, कोणी घरांचं. दुपारपर्यंत एकसष्ट जणांनी नावं नोंदवली. गुलाब नान्हे शेवटी आला, कागदाजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि स्वतःच्या नावाखाली बायकोचंही नाव लिहून गेला. उरलेल्या जागांसाठी प्राधिकरणाला गावोगाव फिरावं लागणार होतं, आणि गाळ जात विचारत नसल्याने रेतीत चर खणायला तयार असलेलं कोणीही चालणार होतं.

आता एकच काम उरलं होतं. सूचीतल्या प्रत्येक प्रजातीचं एक अधिवास-पत्रक भरावं लागे. त्या जिवाला तगायला काय काय लागतं, ते त्यात त्या प्रजातीच्या जाणकाराने सांगायचं आणि प्राधिकरणाने पुरवायचं. सुरयचं पत्रक एका पक्षितज्ज्ञाने भरलं होतं. शर्वरीने कोरं पत्रक काढलं आणि जाणकाराच्या नावापुढे लिहिलं, वनिता मारबते.

समाजमंदिराच्या पायरीवर दोघी बसल्या. भोवती माणसं गोळा झाली.

"निवारा?" शर्वरीने विचारलं.

"पुराच्या रेघेच्या वरतं पक्कं घर. खालतं रेतीवर उन्हाळ्यापुरती झोपडी."

"अन्न?"

"मासोळी आमी धरू. नदी साफ ठेवा म्हनावं."

"पिलांचं संगोपन?"

भोवतीच्या बाया हसायला लागल्या. वनिताबाईने हात वर करून त्यांना गप्प केलं. "हसू नका. कासवाले रेती देल्ली ना? आमाले शाळा द्या. टोल्यातच, दहावीपर्यंत. आन् नर्सबाई, रोज येनारी. लिही."

शर्वरी लिहीत गेली. वीज, रस्ता, डोंग्याला लाकूड, डांगराला बाजारात नेणारी गाडी. प्रत्येक मागणीपुढे कायद्याच्या भाषेत एकच शब्द छापलेला होता, अनिवार्य. वनिताबाईला ते वाचून दाखवलं, तेव्हा तिने तो शब्द दोनदा म्हणायला लावला.

पत्रकाच्या तळाशी शेवटचा प्रश्न होता. सगळ्या प्रजातींना तो सारखाच होता. शर्वरीने तो मनात वाचला आणि मोठ्याने वाचावा की नाही, अशा विचारात ती क्षणभर थांबली. मग वाचला.

"ही प्रजाती मूळ काठावरून हलवल्यास नव्या जागी तगते काय?"

वनिताबाई समोर पाहू लागली. मैदानात दुपारचं ऊन होतं. पलीकडे गुलाब नान्हे आपल्या पोरीला काहीतरी सांगत होता आणि ती पांढऱ्या गणवेशात उभी राहून ऐकत होती. महामार्गावरून गाड्या जात होत्या.

"तगते," वनिताबाई म्हणाली. "लिही, तगते. माणूस कुठीबी तगते वं, बाई. नदी नाई तगत."

शर्वरीने तसंच लिहिलं आणि सहीसाठी कागद तिच्यापुढे केला.